मसुरीएवढं सोनं

माझा धाकटा भाऊ नंदू गेला ही बातमी मला मसालेवाल्याने दिली. त्याच्या मागून मिरची कांडायच्या यंत्राची धडधड चालली होती आणि तो फोनवर ओरडून एकच वाक्य म्हणाला, "ताई, डॉक्टर उठत नाहीयेत." नंदूचा दातांचा दवाखाना लालबागला, त्या मसालेवाल्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. दुपारचे पेशंट आटपले की डबा खाऊन तो पेशंटच्याच खुर्चीत आडवा व्हायचा. ती खुर्ची मागे झुकवायची, डोळ्यांवर रुमाल टाकायचा, घटकाभर डुलकी. त्या दिवशी डुलकी लांबली... मी सगळी नोकरी परळच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून केली आहे. 'उठत नाहीयेत' म्हणजे काय, ते मला समजावून सांगावं लागत नाही. दवाखान्याचा जिना चढताना खालच्या मिरचीने मला शिंकांवर शिंका येत होत्या, डोळे वाहत होते, आणि लोक म्हणत होते, बघा कशी रडतेय बिचारी. मी रडत नव्हते. रडले ती नंतर, आणि तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

या वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं, "ताई, भावपूर्ण लिहा." लिहिते. भाव माझ्या मनात भरपूर आहे, फक्त तो कुठला आहे ते तुम्ही वाचून ठरवा. माणूस गेला की वैर संपलं असं म्हणतात. ज्याचं वैर होतं तो गेला, त्याच्यापुरतं संपलं असेल. मी अजून धडधाकट आहे.

आम्ही मूळचे मालवणकडचे, वाढलो डिलाईल रोडच्या चाळीत. एका खोलीत आम्ही सात माणसं. झोपताना कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी, हे आधी ठरवून घ्यावं लागायचं. अशा घरात छंद करायचा तर तो ठेवायचा कुठे? नंदूने शाळेत असताना आधी काड्यापेट्या जमवल्या, त्या आईने बंबात घातल्या. मग शंख आणले, ते वडिलांच्या पायाला लागले आणि खिडकीतून खाली गेले. तेव्हा त्याने ठरवलं की आपण असं काहीतरी जमवायचं जे कुणाच्या पायात येणार नाही. जगातली सगळ्यांत लहान नाणी! लोकांना वाटायचं डॉक्टरांना काही तरी खोल अर्थ सापडला असेल त्यात. अर्थ कसला डोंबलाचा, जागा नव्हती म्हणून.

त्याच गॅलरीत समोरच्या खोलीत वसंता राहायचा. नंदूच्याच वयाचा, त्याच्याच वर्गातला. तोही नाणी जमवायचा, पण मोठी. राणीछाप रुपये, जाडजूड, वाजणारी. दोघं गॅलरीत पालथे पडून तासन्‌तास आपापली नाणी मांडत राहायचे. वसंता पुढे दादरला घड्याळांचं दुकान काढून बसला, चांगलं चाललं, नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्षही झाला. हे मंडळ दादरच्याच एका शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी भरतं. मला तो लहानपणापासून ताईच म्हणतो. त्याच्या मुंजीत मातृभोजनाची पानं मी वाढली आहेत. म्हणजे परक्या माणसाबद्दल लिहीत नाहीये मी, हे लक्षात असू द्या.

नंदूकडे नाणी यायची ती पेशंटांकडून. आमच्या कोकणातली निम्मी पोरं बोटीवर. सुट्टीवर आली की दाढ दुखायला लागायची आणि ती नंदूकडे यायची. "डॉक्टर, चिल्लर उरलीय तिकडची." नंदू मोठ्या नाण्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. बोट जिभेला लावायचा, ओल्या बोटाचं टोक हलकेच ढिगावर फिरवायचा, आणि जे बोटाला चिकटून वर येईल ते त्याचं. जे चिकटत नाही ते आपलं नाही, हा त्याचा नियम. घरी मी ओरडायचे, "शी! अरे कुणाकुणाच्या खिशातली ती, आणि परत तेच बोट तोंडात!" त्यावर तो म्हणायचा, "ताई, दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो मी, आता कसली शी?" नेपाळचं जवा नावाचं चांदीचं नाणं होतं त्याच्याकडे, नखाच्या टोकावर मावेल एवढं, श्वास सोडला तरी उडायचं. ते दाखवताना तो समोरच्याला आधी श्वास रोखायला लावायचा. पेशंटला सवय असतेच.

ही नाणी ठेवायची पद्धतही दातांच्या डॉक्टरचीच. कवळीचं माप घ्यायला गुलाबी मेणाच्या पट्ट्या असतात. पट्टी जरा कोमट करायची, नाणं त्यात हलकं दाबायचं, की ते बसलं घट्ट. मग त्या पट्ट्या कवळ्यांच्या डब्यांतून. डबा उघडला की गुलाबी हिरडीत दात बसवावेत तशी नाणी ओळीने बसलेली दिसायची. पाहुण्यांना किळस यायची. मला आवडायचं.

एकदा मात्र भारी गोंधळ झाला. पनामा देशाचं एक चांदीचं नाणं आहे, डोकेदुखीच्या गोळीएवढं, आणि तिकडेही त्याला गोळीच म्हणतात म्हणे. कुणीतरी ते आणून दिलं, नंदूने टेबलावर ठेवलं, आणि गडबडीत दुखण्याच्या गोळ्यांच्या पुडीत बांधून दिलं एका काकूंना. संध्याकाळी काकूंचा फोन. "डॉक्टर, दोन गोळ्या घेतल्या, बरं वाटतंय. तिसरी विरघळतच नाही हो." नंदू चपला न घालता लालबागच्या गर्दीतून "गिळू नका! काकू, गिळू नका!" असं फोनवर ओरडत धावला. काकू पाण्याच्या भांड्यात चमचा ढवळत बसल्या होत्या. त्या पुढे मरेपर्यंत त्याला विचारायच्या, "डॉक्टर, ती चांदीची गोळी आहे का हो? तिनेच उतरलं होतं माझं दुखणं."

कफ परेडच्या मच्छीमार नगरातली एक कोळीण त्याच्याकडे दातांसाठी इतक्या लांब यायची. तिला त्याने मोठ्या कौतुकाने अमेरिकेचं एक जुनं पातळ चांदीचं नाणं दाखवलं. तिने ते हातावर घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "ही तर घोळीची खवली, डॉक्टर! रोज खराट्यानं झाडते मी असली." नंदू इतका हसला की त्याची मागची दाढ दिसली. खो खो हसला की ती दिसायचीच. वरच्या बाजूला, अगदी मागे, सोनं भरलेली. कॉलेजात असताना त्याच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर त्याच्याच दाढेत सोनं भरून दाखवलं होतं. पोरं शिकली आणि याची दाढ फुकटात सोन्याची झाली. आई म्हणायची, मेल्याच्या नशिबात सोनं आहे पण मागल्या बाकावर.

आता आईची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिथून आहे. आमच्याकडे माणूस गेलं की तोंडात गंगाजल, तुळशीचं पान आणि सोन्याचा कण घालतात. जुन्या बायका तो कण आपापला आधीच बाजूला काढून ठेवायच्या, म्हणजे ऐन वेळी कुणापुढे हात पसरायला नको. आईकडे एक सोन्याची चकती होती, मसुरीच्या डाळीएवढी. तिच्या आजीपासून आलेली. ती तिने पदराच्या तुकड्यात शिवून तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली होती. आम्हांला सांगून ठेवलेलं, "ता माझ्या तोंडात घालूक ठेवलंय. इसरू नकात." नंदूला लहानपणापासून ती चकती माहीत होती, पण ती काय आहे हे त्याला डॉक्टर झाल्यावर कळलं. दक्षिणेकडच्या राजांचं जुनं सोन्याचं नाणं, फनम. एका बाजूला बारीक ठिपके, दुसऱ्या बाजूला मगर म्हणा, फणी म्हणा, असं काहीतरी. जगातल्या लहानांत लहान सोन्याच्या नाण्यांपैकी एक, आमच्या तांदळाच्या डब्यात! तो नुसता बघत बसायचा. पण मागितलं कधी नाही. आईच्या मरणाचं सोनं मागणार कोण?

मग आईचा समोरचा दात पडला आणि नंदूने हट्टाने तिला सोन्याचा दात बसवला. त्याच्या हातचं पहिलं सोन्याचं काम ते. आई आरशात बघून लाजली, आधी ओठ मिटून हसायला लागली, मग उघडून. आणि त्याच दिवशी तिने तांदळाचा डबा काढला, टाके उसवले आणि ते फनम नंदूच्या तळहातावर ठेवलं. "आता माझ्या तोंडात सोना आसा. तूच घातलंस ना रे? मगे ह्या कित्याक व्हया? घे तुका." ती गेली तेव्हा मावशीने सोन्याचा कण मागितला, तर नंदूने नुसता आईचा ओठ जरा वर केला आणि तो दात दाखवला.

तर हे ते फनम. माझ्या आईच्या तोंडचं.

मंडळाचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं त्या वर्षी नंदूने हे फनम पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. प्रदर्शनाच्या आधी सभासदांची बैठक होती, कुणाचं काय मांडायचं ते ठरवायला. मीही गेले होते, साडी बदलून, हौसेने. अध्यक्ष वसंता. घड्याळवाल्यांची ती भिंगाची नळी असते ना, ती डोळ्याला लावून त्याने फनम बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नळी काढली, माइक हातात घेतला आणि सगळ्या हॉलसमोर म्हणाला, "नंदूच्या भावनेचा आपण आदर करू. पण हे पितळ आहे. आईची आठवण म्हणून देव्हाऱ्यात ठेवावं, प्रदर्शनात नको." हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. ज्या बाईने याला स्वतःच्या मुलांच्या पंगतीला बसवून जेवू घातलं, तिने जन्मभर पितळ जपलं, असं म्हणायचं होतं याला. नंदूने काय केलं? उठला, जिभेला बोट लावलं, फनम उचललं, डब्यात ठेवलं आणि म्हणाला, "बरं." एवढंच. बरं!

घरी आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, उद्या सराफाकडे चल, कस लाव, चिठ्ठी घे आणि त्याच्या तोंडावर फेक. तो म्हणाला, "आईचं सोनं मी बाजारात कसाला लावू? ती काय खोटं बोलली होती?" मंडळात जाणं त्याने बंद केलं. पण गंमत बघा, वसंताचं दवाखान्यात येणं बंद झालं नाही. दात वसंताचे लहानपणापासून किडके, आणि नंदूसारखा हात हलका दुसऱ्या कुणाचा नाही. खुर्चीत बसायचा, तोंड वासायचा, काम करून घ्यायचा आणि जाताना हळूच, "नंदू, ते पितळी नाणं मला देऊन टाक रे. आईंची आठवण म्हणून ठेवीन." एकदा नाही, दर खेपेला. पितळ एवढं हवंहवंसं वाटतं होय माणसाला? मी काय दूधखुळी आहे? नंदूलाही कळत होतंच. मी म्हणायचे, "पुढच्या वेळी त्याला भूल देऊ नकोस. नुसती ड्रिल चालव." तर हा हसायचा, दाढ दिसेपर्यंत. "ताई, तोंड उघडून बसलेल्या माणसावर राग काढता येत नाही गं."

त्याला नाही आला काढता. म्हणून मला काढावा लागतोय.

नंदूला घरी आणलं. चाळ पाडून उभ्या केलेल्या इमारतीत आता आमचं घर आहे, हॉल बऱ्यापैकी मोठा, पण त्या दिवशी तोही पुरेना. लग्न त्याने केलं नव्हतं, त्यामुळे सगळं करणारी मीच. पेशंट आले, मसालेवाला आला, ती कोळीण पाटी नातेवाइकांकडे सोपवून टॅक्सी करून आली. मंडळाचे लोक हार घेऊन आले आणि त्यांच्या पुढे वसंता, पांढरा झब्बा, डोळे लाल. मी म्हणते ते डोळे खरे असतील. एवढ्या वर्षांचा मित्र, दगडालाही पाझर फुटेल. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "ताई, खूप वाईट झालं." मी मान हलवली. तो थांबला असता तर हा लेख असा झाला नसता. पण तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "त्याच्या नाण्यांची काळजी करू नको. मंडळ सांभाळेल. आणि ते आईंचं पितळी... ते कुठल्या डब्यात असायचं गं?"

नंदू समोर जमिनीवर. अजून हारही घातला नव्हता वसंताने, हातातच होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी खाणारा बघितला.

तेवढ्यात आमच्या बेबीमावशीने, आईच्या धाकट्या बहिणीने, कोपऱ्यातून हाक दिली, "गे बाय, तोंडात सोना घातलंस काय?" मी म्हटलं, "घालते मावशी." आत गेले, कपाटातून कवळीचा डबा काढला, मेणातून फनम सुटं केलं आणि ओल्या बोटावर घेऊन बाहेर आले. सगळ्यांना दिसेल असं बोट धरलं. "आईचं आहे हे," मी म्हटलं. "तिने मरणाच्या वेळेसाठीच जपलं होतं. आता नंदूच्या तोंडात घालते." आणि मी खाली बसले.

वसंताने हार टाकला. खरोखर टाकला, फुलं पसरली. "अगं ताई, नको! काय करतेस? ते जाळायचं नाही!"

"का? पितळ तर आहे."

"पितळ नाही गं! सोनं आहे ते! खरं फनम आहे, जुनं, असं पुन्हा मिळत नाही..."

माइकवरून पितळ म्हणाला तेव्हा जी माणसं शाळेच्या हॉलमध्ये बसली होती त्यांतली निम्मी इथे उभी होती, हातात उदबत्त्या घेऊन. कुणीतरी एक म्हातारे सभासद म्हणाले, "अध्यक्ष, तुम्हीच तर तेव्हा..." आणि अर्धवट थांबले. वसंताचं तोंड उघडंच राहिलं. मी त्याच्याकडे बघितलं. अगदी शांतपणे बघितलं, थिएटरमध्ये मोठ्या डॉक्टरांकडे बघायचे तसं.

"मग बरंच झालं," मी म्हटलं. "मेलेल्याच्या तोंडात सोनंच घालतात." आणि नंदूचे ओठ जरा विलग करून बोट आत घातलं, बाहेर काढलं, पदराखाली घेतलं. मावशीने गंगाजल सोडलं, तुळस ठेवली.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. भाऊ समोर पडला होता आणि मला बरं वाटलं. देवाने काय शिक्षा द्यायची ती द्यावी.

नंदूला लाकडांच्या चितेवर ठेवलं. अग्नी मी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला गेलो, तर स्मशानाच्या फाटकापाशी वसंता आमच्या आधी हजर. "शेवटची सेवा, ताई." मी म्हटलं, कर. राखेवर दूधपाणी शिंपडलं. लोक एकेक अस्थी उचलून मडक्यात घालत होते आणि वसंता बाजूला उकिडवा बसून बोटांनी राख चाळत होता. चिमूट घ्यायची, चोळायची, सोडायची. हातातली अंगठी काळी झाली, झब्ब्याच्या बाह्या काळ्या झाल्या, तरी चाललंय. स्मशानातला माणूसही म्हणाला, "साहेब, आटपा आता." मी मडकं धरून उभी होते. मी बघितलं. त्याचं बोट डोक्याच्या बाजूला राखेत एका जागी थांबलं, चिमटीत काहीतरी आलं, पिवळं, तांदळाच्या दाण्यासारखं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, रुमाल काढला, नाक पुसल्यासारखं केलं आणि रुमाल खिशात गेला. मावशीच्या मुलाने विचारलं, "ताई, काय बघतेस?" म्हटलं, "काही नाही, धूर जातोय डोळ्यांत."

अस्थी समुद्रात सोडल्या. दिवसकार्य झालं. मला वाटलं, संपलं. आपण जिंकलो, आता नंदूची आठवण काढत गप्प बसावं. मग त्या म्हाताऱ्या सभासदांचा फोन आला. मंडळात नंदूची शोकसभा झाली होती. मला बोलावणं नव्हतं. अध्यक्षांनी भाषण केलं, गहिवरले, आणि मग एक निळ्या मखमलीची डबी उघडून सगळ्यांना दाखवली. आत सोन्याचा एक वितळलेला कण. खाली चिठ्ठी, 'अग्नीतून उरलेले फनम'. "म्हणाले, ताईंनी स्वतः माझ्या हातावर ठेवलं," ते सभासद सांगत होते. "म्हणाले, मी पितळ म्हटलं होतं ते नंदूचं फनम चोरीला जाऊ नये म्हणून. त्याच्या भल्यासाठीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो... ताई, तुम्ही खरंच दिलंत?"

मी म्हटलं, लिहून सांगते.

तर वसंता, हे तुझ्यासाठी. पुरवणी तुझ्या दुकानात येते, मला माहीत आहे, घड्याळं तू त्याच कागदात गुंडाळून देतोस. मी तुझ्या हातावर काहीही ठेवलेलं नाही. आणि फनम जळालेलं नाही. ते माझ्याकडे आहे.

त्या दिवशी मी बोट बाहेर काढलं तेव्हा ते बोटाला चिकटलेलं होतं. मी मुद्दाम नाही केलं, शप्पथ. मला ते घालायचंच होतं, तुझ्या डोळ्यांदेखत जाळायचं होतं. पण बोट ओलं आणि फनम मसुरीएवढं. पदराखाली बघते तर बोटाच्या टोकावर ते तसंच. जे चिकटतं ते आपलं, हा त्याचा नियम. पुन्हा घालायला मी हात पुढे केलासुद्धा. तेवढ्यात मावशीने गंगाजल सोडायला त्याचा जबडा जरा उघडला आणि मागे, वर, अगदी शेवटी ती दाढ चमकली. त्याच्या सरांनी भरलेली. मला आईचंच बोलणं ऐकू आलं. माझ्या तोंडात सोना आसा, मगे ह्या कित्याक व्हया? मी पदराला गाठ मारली.

आता तुला कळलं असेल राखेत तुला काय सापडलं ते. ज्याच्यासमोर जन्मभर बसलास, ज्याच्या चहात बिस्किटं बुडवलीस, ज्याने हसून हसून दवाखाना डोक्यावर घेतलेला तू दर खेपेला ऐकलास, त्याच्या तोंडाकडे तू एकदाही बघितलं नाहीस रे. त्याच्या डब्याकडेच बघत राहिलास. एवढं भिंग डोळ्याला लावून फिरतोस, आणि माझ्या भावाची दाढ तुला ओळखू आली नाही. मखमलीवर ठेवून, चिठ्ठी लावून, तू ती लोकांना दाखवत फिरतोयस. स्मशानात मी तुला अडवलं नाही ते एवढ्यासाठीच. म्हटलं, न्यायचीय ना, ने. पण ती टाळ्यांना लावशील असं नव्हतं वाटलं.

फनम मी परत गुलाबी मेणात बसवलं आहे. त्याचा खळगा रिकामाच होता, त्यात ते बरोबर बसलं. रोज सकाळी चहाच्या आधी मी डबा उघडते, जिभेला बोट लावते आणि ते उचलून बघते. शी वगैरे आता मला वाटत नाही. ज्याला ते सोनं की पितळ बघायचं असेल त्याने घरी यावं, भिंग माझ्याकडे आहे.

नंदू म्हणायचा, तोंड उघडून बसलेल्या माणसावर राग काढता येत नाही. तो डॉक्टर होता, त्याला नसेल येत. मी येत्या रविवारी मंडळाच्या सभेला येणार आहे. फनम दाखवायला नाही. त्याच्या सगळ्या अस्थी समुद्रात गेल्या, एकच मागे राहिलीय, तुझ्या डबीत. ती मला घरी न्यायची आहे. माइकवर काय बोलायचं ते बोल, पण मी पुढे आले की डबी उघडून माझ्या हातावर ठेव. या वेळी खरोखर ठेव, सगळ्यांसमोर.